नाव घातलेला डबा

प्रेमलाबाईंनी भिंतीवरच्या यंत्राची कळ फिरवली, तेव्हा तांदूळ पातेल्यात पडले खरे. पण पडायचे थांबेनात. पातेलं भरलं, मग ओटा भरला, आणि ओट्यावरून घरंगळत ते फरशीवर आणि तिथून फ्रीजखाली गेले.

“आई, एकदाच फिरवायची असते!” निकिता आतल्या खोलीतून धावत आली. “एक फेरी म्हणजे एक वाटी.”

“आणि मला अर्धी वाटी हवी असेल तर?”

“अर्धी फेरी.”

“आणि मूठभर?”

निकिताने बॅग उचलली. तिची कंपनीची बस सात मिनिटांत खालच्या चौकात येणार होती. ती गेल्यावर प्रेमलाबाई खाली बसून तांदूळ गोळा करू लागल्या. पस्तीस वर्षं त्यांनी तांदूळ मापट्याने काढले होते, आणि मापटं काठोकाठ भरल्यावर त्यातली एक मूठ परत डब्यात टाकली होती. ती परत टाकलेली मूठ या यंत्राला कोण शिकवणार, असं त्यांच्या मनात आलं.

विश्रांतवाडीतली त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली होती. नवं घर मिळेपर्यंतची दोन वर्षं मुलीकडे काढायची म्हणून जानेवारीत त्या हिंजवडीला आल्या होत्या. निकिताचं घर भाड्याचं होतं, सहाव्या मजल्यावरचं, उजेडाचं. स्वयंपाकघरात सगळं आरपार दिसणारं: डाळींच्या चौकोनी बरण्या, दाबलं की थेंब देणारी तेलाची बाटली, खालून चमचाभर साखर सोडणारं भांडं. प्रत्येकावर छापील चिकटपट्टी, तीही इंग्रजीत. प्रेमलाबाईंचे स्वतःचे डबे दोन गोणपाटांत बांधून आले होते, ते न सोडताच माळ्यावर गेले. “इथे जागा नाही गं,” निकिता म्हणाली होती, आणि ते दिसतही होतं. प्रेमलाबाईंनी विषय वाढवला नाही.

वरच्या मजल्यावर घराच्या मालकीणबाई राहत. पद्मजा देवस्थळी. पेठेतली जागा विकून त्यांच्या मुलाने, राकेशने, इथे वरखाली दोन घरं घेतली होती. तो स्वतः बंगळुरात असे, आणि आई वरच्या घरात एकटी. प्रेमलाबाईंची त्यांच्याशी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली.

“सहावा ना? निकिताच्या आई,” पद्मजाबाई म्हणाल्या. “बाहेर पडताना दार ओढून घेता म्हणून ओळखलं. बाकी इथली जनता लिफ्टचं दार घरच्या गड्याने लावावं अशा थाटात उतरते.”

दुसऱ्याच दिवशी त्या भाजणीचा डबा घेऊन खाली आल्या. डब्याच्या अंगावर, कडेखाली, बारीक टिंबाटिंबांत नाव घातलेलं होतं: प. शं. देवस्थळी. प्रेमलाबाईंनी भाजणी काढून घेतली, डबा घासला, पुसला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात कारळ्याची चटणी भरून वर पाठवला. चार दिवसांनी तो मेतकूट घेऊन खाली आला. मग तो तिळाची चटणी घेऊन वर गेला. प्रेमलाबाईंना साखरेचा आजार आहे हे कळल्यापासून पद्मजाबाई लाडू करत तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे शेंगदाणे भाजून आणत. मंद आचेवर, डाग न पडू देता, सालं पाखडून. संध्याकाळी पाचला चहाला येत आणि सोसायटीच्या सचिवांपासून स्वतःच्या मुलापर्यंत सगळ्यांची हजेरी घेत.

“राकेश मला रोज फोन करतो,” त्या एकदा म्हणाल्या. “विचारतो, आई, जेवलीस का? नाही म्हटलं तर बंगळुराहून काय वाढणार आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.”

प्रेमलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. नवरा गेल्यापासून इतकं हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दोन महिने असे गेले. वरखाली फिरणारा डबा नेहमी वरचाच असे, हे तोवर त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते आलं मार्चमध्ये. पद्मजाबाईंच्या नणंदेला कोथरूडला कारळ्याची चटणी पाठवायची होती, आणि त्यांचा डबा त्या वेळी त्यांच्याकडेच होता. चटणी कुटून झाल्यावर प्रेमलाबाई म्हणाल्या, “निकिता, माळ्यावरून एक गोणपाट काढ. आपला पाचशे ग्रॅमचा डबा दे.”

“ह्यात दे ना.” निकिताने प्लास्टिकची एक डबी पुढे केली. हॉटेलातून भाजी येते तसली.

“ह्यात? चटणीचं तेल सुटेल. आणि माणसाच्या घरी असं देतात का? ती डबी त्या फेकून देतील.”

“मग बरंच आहे की. परत आणायची कटकट नाही.”

“परत यावी म्हणूनच डब्यातून द्यायचं असतं,” प्रेमलाबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. तीस वर्षं त्यांनी बालवाडी चालवली होती. खिशात काहीतरी लपवलेल्या मुलाचा चेहरा त्यांना लांबून कळे. “निकिता, डबे माळ्यावर का आहेत?”

“सांगितलं ना, जागा…”

“जागेचं मी तेव्हा ऐकलं. आता खरं सांग.”

निकिता ओट्याला टेकून उभी राहिली. तेलाच्या बाटलीचं बटण उगाच दाबत राहिली, थेंब पडेपर्यंत.

“आई, ह्या घराआधी मी चार घरं पाहिली. चारही जणांनी फोनवर हो म्हटलं. मग पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग घरी देव कुठले असतात ते. मग एकाच्या भाचीचं लग्न ठरलं, दुसऱ्याला घर विकायचं झालं. इथे ह्या बाईंनी विचारलं, ‘भालेराव? कोणते भालेराव? नगरचे का?’ मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, ‘अरे वा, मग प्रश्नच नाही. आमच्या आत्याला दिलं होतं नगरच्या भालेरावांकडे.’ मी खोटं बोलले नाही. आपण नगरचेच आहोत.”

“आणि आत्याचं ऐकून गप्प बसलीस.”

“हो. बसले गप्प. रात्री नऊ वाजता बसमधून उतरून कुठे जाणार होते मी? तू मला सांग.”

प्रेमलाबाईंना मुलीचा राग आला नाही. आला तो त्या चार घरांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की दोन महिने आपण आत्याच्या सासरच्या होऊन चहा पीत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

“स्टूल धर,” त्या म्हणाल्या.

“आई, सत्तरीला आलीस…”

“धर म्हणते ना.”

गोणपाट खाली आलं. सुतळी सोडली तशी एकात एक बसवलेले डबे फरशीवर मोकळे झाले. प्रेमलाबाईंचे पती धोंडिबा भालेराव खडकीच्या कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर दर वर्षी चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी ते रविवार पेठेत जात, एक डबा घेत आणि दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या कारागिराकडून त्यावर नाव घालून आणत. आयु. प्रेमला धोंडिबा भालेराव. त्याखाली जयभीम, आणि वर्ष. स्वतःचं नाव त्यांनी बायकोच्या नावाशिवाय कधी घातलं नाही. एका वर्षी कारागिराने घाईत ‘प्रेमला’चं ‘प्रेमळ’ करून ठेवलं. प्रेमलाबाईंनी डबा बदलून आणायला सांगितला, तर धोंडिबा म्हणाले, “बदलायचा कशाला? वर्षातून एखादा दिवस तरी खरं ठरेल.”

नावाचा हा हट्ट कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. त्यांच्या लहानपणी गावच्या चहाच्या टपरीवर त्यांच्या वडिलांसाठी वेगळी कपबशी होती. बाहेरच्या कोनाड्यात पालथी ठेवलेली, कान तुटलेली. वडील ती स्वतः उचलत, स्वतः धूत आणि परत पालथी ठेवत. “आपल्या भांड्याला खूण होती, प्रेमला,” धोंडिबा म्हणाले होते. “आपल्या घरात खूण नको. नाव पाहिजे.”

‘प्रेमळ’वाला डबा हाताला लागला तो प्रेमलाबाईंनी बाजूला सारला. त्याखालचा, १९८९चा, उचलला. नाव खोल उमटलेलं होतं. बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती.

“आई, करार मे महिन्यात संपतोय,” निकिता हळू आवाजात म्हणाली. “मेपर्यंत थांब. मग दुसरीकडे पाहू. मग सगळे डबे मांड.”

“दुसरीकडे काय सांगशील? कोणते भालेराव?”

निकिता मोकळे झालेले डबे परत एकात एक बसवू लागली.

प्रेमलाबाईंनी डबा विसळला, कोरडा केला, चटणी दाबून भरली आणि झाकण घट्ट बसवलं. जिना चढून त्या सातव्या मजल्यावर गेल्या. दार उघडल्यावर त्यांनी डबा नाव समोर येईल असा धरला. पद्मजाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “अहो, ह्यातली निम्मी मीच ठेवणार. वन्संना कशाला कळतंय!” त्यांचा चष्मा आत टेबलावर होता.

त्या संध्याकाळी पाच वाजता चहाला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत पद्मजाबाई होत्या. त्या किंचित हसल्या आणि मग सहापासून तळमजल्यापर्यंत आकडे कसे उतरतात ते लक्ष देऊन पाहत राहिल्या. प्रेमलाबाईंनीही पाहिले. उतरताना दार पद्मजाबाईंनी ओढून घेतलं नाही.

“चष्मा सापडला वाटतं,” प्रेमलाबाई घरी येऊन म्हणाल्या.

निकिता लॅपटॉपमधून वर बघेना. “मी आत्ताच दोन ठिकाणी चौकशी करून ठेवलीये. वाकडला. आणि आई, त्यांनी विचारलंच तर म्हणता येईल की डबा जुन्या बाजारातून घेतला. लोक घेतात.”

“माझं नाव जुन्या बाजारातून घेतलं?”

“मला तसं म्हणायचं नाही.”

“मला माहीत आहे तुला काय म्हणायचंय. तू मला सांभाळते आहेस.” प्रेमलाबाई तिच्या शेजारी बसल्या. “पण ऐक. बालवाडीत पहिल्या आठवड्यात मी मुलांना एवढंच शिकवायची. सगळे डबे रांगेत ठेवायचे आणि म्हणायचं, आपापला ओळखून घ्या. ज्याला ओळखता यायचा नाही तो रडायचा. भुकेने नव्हे गं. डबा समोर असायचा. आपला कुठला, हे सांगता यायचं नाही म्हणून रडायचा.”

निकिताने लॅपटॉप मिटला.

चौथ्या दिवशी पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रेमलाबाईंनी केस विंचरले, धुतलेली साडी नेसली आणि वर गेल्या. त्यांनी बेल वाजवली. आत पावलं दारापर्यंत आली आणि थबकली. दाराच्या भिंगातला उजेड झाकला गेला. त्या तशाच उभ्या राहिल्या. दार उघडलं.

“मी डबा न्यायला आले,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“हो, हो. देणारच होते. सवडच झाली नाही.” पद्मजाबाईंनी दार आणखी उघडलं नाही. “पाठवला असता बाईच्या हाती.”

“म्हणून तर आले. बाईच्या हाती नको होता. तुमच्या हातून हवाय.”

पद्मजाबाई आत गेल्या. दाराच्या फटीतून त्यांच्या स्वयंपाकघराची फळी दिसत होती. तिच्यावर त्यांचे डबे उंचीप्रमाणे ओळीने, आणि टोकाला, थोडं अंतर राखून, पालथा घातलेला तो एक. त्यांनी तो उचलला, काही क्षण पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, मग झाकण लावून घेऊन आल्या. डबा त्यांनी पुढे केला. चष्मा आज डोळ्यांवर होता.

“मला आधी सांगायचं तरी,” त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांनाच उमगत नसावं. “मी फसल्यासारखी झाले. इतके दिवस मी माझ्या आत्याच्या घरच्या गोष्टी काय सांगतेय, तुम्ही हूं हूं काय म्हणताय!”

“हूं म्हणत होते, कारण मला वाटत होतं तुम्ही तुमच्या आत्याबद्दल बोलताय. माझ्याबद्दल बोलताय हे मला तीन दिवसांपूर्वी कळलं.”

“म्हणजे?”

“तुम्ही निकिताला विचारलंत, नगरचे का. ती हो म्हणाली. ते खरं होतं. बाकीचं तुम्हीच भरलंत, पद्मजाताई. आमच्या नावात तुमच्या आत्याचं सासर तुम्ही भरलंत आणि झाकण लावलंत. आता उघडून बघितलं तर दुसरंच निघालं म्हणून आमच्यावर रागावता?”

पद्मजाबाईंनी चष्मा सरळ केला. “मी राकेशला काही बोललेले नाही.”

“बोला ना. लपवण्यासारखं त्यात काय आहे? नाव डब्यावर आहे. वाचून दाखवा. वर्षासकट.”

“अहो, माझा तसा काही… माझ्या मनात तसलं काही नाही हो. आमच्याकडे सगळे येतात.”

“मग तीन दिवस चहाला का आला नाहीत?”

जिन्यातून वरच्या मजल्यावरची कुणी मुलगी खाली धावत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघी थांबल्या. प्रेमलाबाईंनी डबा हातात घेतला. तो अगदी हलका होता, पण हलवल्यावर आत तळाशी काहीतरी सरकलं. त्यांनी झाकण उघडलं. घासून लख्ख केलेल्या तळावर चमचाभर साखर होती.

रिकामा डबा परत करायचा नाही. घरात दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. हे दोघींनाही आपापल्या आयांनी शिकवलं होतं. पद्मजाबाईंनी रीत पाळली होती. नेमकी तेवढीच.

प्रेमलाबाईंनी साखरेकडे पाहिलं. त्या आता निघून जाऊ शकत होत्या. डबा मिळाला होता, हातातून हातात मिळाला होता. म्हणायचं ते म्हणून झालं होतं. त्या गेल्या नाहीत.

“हात पुढे करा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हात पुढे करा हो.”

गोंधळलेल्या पद्मजाबाईंनी ओंजळ केली. प्रेमलाबाईंनी डबा तिरका करून सगळी साखर त्यांच्या ओंजळीत ओतली, तळाला एक बोट मारून राहिलेले कणही पाडले.

“मला साखर चालत नाही,” त्या म्हणाल्या. “हे तुम्हाला दोन महिने ठाऊक होतं. लाडू केलेत की माझ्यासाठी शेंगदाणे वेगळे भाजत होतात. साखर घालताना तुमच्या डोळ्यांसमोर मी नव्हते. कोणीतरी होतं, ज्याचा डबा रीतीप्रमाणे परत करायचा होता. त्या कोणीतरीचा हा डबा नाही. वाचलंय तुम्ही, कोणाचा आहे ते.”

पद्मजाबाईंची मान खाली गेली. बोटांच्या फटीतून साखरेचे कण उंबऱ्यावर पडत होते, आणि ओंजळीत साखर असल्यामुळे त्यांना डोळेही पुसता येत नव्हते.

“रिकामा न्यायचा असेल तर तसा नेईन,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “मला त्याचं काही नाही. रिकामा म्हणजे निदान खरा रिकामा. उद्या निकिता हाच ऑफिसला नेईल, मी तिला सांगणार आहे. आणि बाकीचे सगळे डबे मी आज रात्री ओट्यावर मांडणार आहे. मेमध्ये ठेवायचं की नाही ते तुम्ही आणि राकेश ठरवा. पण जे ठरवाल ते आम्ही कोण ते बघून ठरवा, आत्याला मध्ये आणू नका.”

त्यांनी झाकण लावलं नाही. उघडा डबा पुढे धरला.

पद्मजाबाई वळल्या. आतल्या बेसिनमध्ये त्यांनी ओंजळ सोडली, नळ सुरू झाला, बंद झाला. हात कोरडे करून त्या परत दाराशी आल्या, आणि प्रेमलाबाईंच्या हातातला डबा घेऊन पुन्हा आत गेल्या.

“भाजलेले नाहीत आज,” आतून घोगरा आवाज आला. “कच्चे आहेत. भाजायला वीस मिनिटं लागतील. मंद आचेवर.”

“मला घाई नाही,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“दारात काय उभ्या राहता? लोकांना वाटेल, सोसायटीची वर्गणी मागायला आलात.”

प्रेमलाबाईंनी उंबऱ्यावर सांडलेल्या साखरेकडे पाहिलं, साडी किंचित वर धरली आणि तिच्यावर पाय न देता आत गेल्या. आत घट्ट बसलेलं एखादं झाकण उघडायची खटपट चालली होती. त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून, फळी समोर दिसेल अशा बेताने, त्या बसल्या.